डोळ्यातलं मांस काढताना एक प्रश्न विचारा

आम्ही विश्रामबागच्या गटातल्या बाया बोलतोय. द्राक्षबागेत, उसात, हळदीच्या रानात आपला दिवस उन्हा-धुळीत जातो. मग कधी कधी नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पडदा बुबुळावर सरकू लागतो. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. हा मोतीबिंदू नव्हे; मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो.

मांस लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. थेंबांनी जळजळ कमी होते, मांस जात नाही. ते बाहुलीकडे सरकलं, नजर अंधुक झाली, की ऑपरेशन.

नुसतं कापून जागा उघडी ठेवली, तर काम लवकर होतं. पण अनेक अभ्यासांत शंभरातल्या ३० हून जास्त जणांचं मांस पुन्हा वाढलं. दुसऱ्यांदा काढणं आणखी अवघड. त्याऐवजी वरच्या पापणीआड झाकलेला डोळ्याचाच पातळ पापुद्रा तिथे लावला, तर ते बरंच कमी वेळा परत येतं. पापुद्रा टाक्यांनी, औषधी गोंदाने किंवा आपल्याच रक्ताने बसवतात. गोंदाने डोळा कमी खुपतो, पण खर्च वाढतो.

म्हणून सही करण्याआधी विचारा, "डॉक्टर, मांस काढल्यावर पापुद्रा लावणार का?" आणि रानात जाताना गॉगल, टोपी विसरू नका!