उद्यान कोणाचे?



सार्वजनिक उद्यान कोणाचे, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, 'सगळ्यांचे'. पण सगळे खरोखरच आले की कुरबुरी सुरू होतात. त्या कुरबुरींचे काय करायचे, हे समजून घेण्यासाठी मी दादरचे शिवाजी पार्क निवडले आहे.

१९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. क्षेत्र सुमारे २८ एकर. पहाटे इथे चालणारे येतात. दिवस वर आला की क्रिकेटची नेट लागतात. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीपाशी उभा असतो, तरी दोन्ही सामने पार पडतात. समर्थ व्यायाम मंदिरात मुले-मुली मल्लखांब करतात. संध्याकाळी मैदानाभोवतीचा कट्टा भरतो. इथे जागेची वाटणी भिंतींनी झालेली नाही. ती वेळेने आणि एकमेकांना सांभाळून घेण्याने झाली आहे.

त्या कट्ट्याचे मोल मोठे आहे. तिथे उंच जाळी असती, तर माणूस बाहेरच राहिला असता. बुटक्या कट्ट्यावर तो टेकतो, आणि पैसे न मोजता तासभर शहराचा होतो. न्यूयॉर्कचे चौक वर्षानुवर्षे न्याहाळून विल्यम व्हाइट यांनी हेच मांडले: बसायला जागा असते तिथे माणसे बसतात.

आता कठीण भाग. मैदानाशेजारी राहणाऱ्यांना शांतता हवी असते. ती मागणी रास्त आहे. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभा याच मैदानावर गाजल्या. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला गावोगावचे लोक येतात, ते याच मैदानावर मुक्काम करतात, पुस्तके विकत घेतात. ते कोणाचे पाहुणे नाहीत. शेजाऱ्याचा हक्क रोजचा आहे, त्यांचा वर्षातून एकदाचा. म्हणून तो कमी ठरत नाही. पाणी, शौचालये आणि सफाई यांची चोख व्यवस्था झाली, तर हे दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात.

आता आपल्या शहराकडे वळू. आपली कितीतरी महापालिका उद्याने भर दुपारी कुलूपबंद असतात. ज्या वेळी रखवालदाराला, घरकाम करून दुसऱ्या घरी निघालेल्या बाईला, अभ्यासाला घरात कोपरा नसलेल्या विद्यार्थ्याला सावली हवी असते, नेमकी तीच ही वेळ. वेळापत्रक ठरवताना फिरायला जाणाऱ्यांचा विचार झाला, थकलेल्यांचा झाला नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे: आपल्या प्रभागातल्या उद्यानाच्या फाटकावरची वेळ वाचा. दुपारी ते बंद राहत असेल, तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि त्या अर्जावर शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या घरी काम करणाऱ्यांच्याही सह्या घ्या.