गल्ल्यातले पैसे कुणाचे?



बँकेच्या माणसानं बोलावं ते व्याजदरावर आणि मुदत ठेवींवर. बालवाडीच्या वयाच्या मुलांबद्दल बोलायला बँकेतली बाई कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण असं, की आमच्या काउंटरसमोर आईचा हात धरून उभी असलेली चार-पाच वर्षांची मुलं फार नेमके प्रश्न विचारतात. "सगळ्यांचे पैसे एकत्र ठेवले तर आमचे कुठले ते कसं कळतं?" हा प्रश्न मला अशाच एका मुलीनं विचारला होता. बँकेचं अर्धं काम या प्रश्नात येतं. मी तिला आईचं पासबुक उघडून दाखवलं आणि सांगितलं, पैसे एकत्रच असतात, पण कुणाचे किती ते नावासमोर लिहिलेलं असतं. तिनं लगेच विचारलं, "माझं नाव कुठंय?"

तर आज या वयाच्या मुलांबद्दलच बोलू. साधारण तीन ते सहा वर्षांची.

करोल बागेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांपैकी बरीच घरं विटा, खानापूर, आटपाडी या भागातून आलेली. सोन्या-चांदीची गलाई आणि दागिन्यांशी जोडलेली कामं. लग्नसराईत हातात पैसा खेळतो, मग दोन-तीन महिने ओढाताण. भाड्याची खोली, आजी-आजोबा गावाकडे, आणि दिवसभर खोलीत आईबरोबर एक प्रश्न विचारणारं मूल. अशा घरातली माणसं माझ्याकडे दोन गोष्टी विचारायला येतात. एक, प्ले-स्कूलच्या फीसाठी कर्ज मिळेल का. दुसरी, मुलाला शिकवायचे व्हिडिओ दाखवायला टॅब हप्त्यावर घ्यावा का.

माझं मत सांगते. प्ले-स्कूल जवळ असेल, बरी असेल आणि फी महिन्याच्या खर्चात बसत असेल तर जरूर घाला, मुलाला सोबत मिळते. त्यासाठी कर्ज काढू नका. आणि चार वर्षांच्या मुलासाठी हप्त्यावर टॅब तर मुळीच नको. या वयात शिकायला लागणारं बहुतेक सामान तुमच्या स्वयंपाकघरात आणि खिशात आधीच पडलेलं आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. माँटेसरी पद्धतीचं विकतचं साहित्य महाग, खेड्यात परवडणारं नव्हतं. मग शिंपले, बिया, पानं, खडे, जे आजूबाजूला मिळेल त्यावर त्यांनी मुलांना मोजायला, जुळवायला, वेगळं करायला शिकवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडीची कल्पना. करोल बागेत अंगण नाही हे खरं, पण गच्ची आहे, जिना आहे, ओटा आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी हे मोजायचं काम मुलाकडे द्या. सांडेल, पुसून घ्या. मटार सोलताना कुठल्या शेंगेत जास्त दाणे निघाले ते बघू दे. पोळीचे दोन तुकडे म्हणजे अर्धी-अर्धी, चार तुकडे म्हणजे पाव. भाजीवाला 'पाव किलो' म्हणतो तेव्हा तोच शब्द त्याच्या कानावर पुन्हा पडतो. एकदा पाव किलो शेंगदाणे आणि पाव किलो मुरमुरे शेजारी ठेवून विचारा, जास्त वजन कशाचं? मूल मुरमुऱ्यांकडे बोट दाखवेल. लगेच 'चूक' म्हणू नका. दोन्ही पिशव्या त्याच्या दोन हातांत द्या आणि गप्प बसा. मुलाला विचार करताना बघायचं असेल तर असे क्षण सोडू नका.

आपल्या घरांत काटा काही नवीन नाही. आजोबा गावाहून आले की त्यांना जुनी मापं विचारा: आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. मुलं अशा गोष्टी मन लावून ऐकतात. पण गुंजेचं बी मुलाच्या हातात देऊ नका. लाल-काळं सुंदर दिसतं, मात्र ते विषारी आहे. मोजायला राजमा घ्या, छोले घ्या, आणि तेही तोंडात घालण्याचं वय सरल्यावर. नाण्यांचंही तसंच, मोठं माणूस समोर असतानाच. भट्टी आणि तेजाब असलेल्या खोलीत मूल न्यायचं नाही, 'फक्त दोन मिनिटं' म्हणूनही नाही. वडील काय काम करतात हे त्याला काट्यावर दाखवता येतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, नाणी आणि नोटा. यांच्याइतकं स्वस्त चित्रांचं पुस्तक नाही, वाचून झालं की परत खर्चताही येतं. वीसच्या नव्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत, दहाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर गुजरातेतली राणीची वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप. पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला आहे, तो तर इथून एका मेट्रोच्या फेरीवर. एखाद्या रविवारी नोट खिशात घालून मुलाला तिथे घेऊन जा आणि चित्र जुळवायला लावा. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते. वरून आठवी ओळ, म्हणजे बरोबर मधली, मराठीची. दिल्लीत वाढणाऱ्या, बाहेर दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या मुलाला आपल्या भाषेची ओळ रोज हातात मिळते. आधी सात, नंतर सात, मध्ये आपली. मोजणंही झालं.

डोळे मिटून खेळायचा एक खेळ आहे. शंभरच्या नव्या नोटेच्या दोन्ही कडांना चार उंचवट्याच्या तिरप्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. ज्यांना दिसत नाही त्यांना नोट ओळखता यावी म्हणून त्या छापलेल्या आहेत. कोरी नोट असेल तर मुलाच्या बोटाला त्या कळतात. मग 'दिसत नाही म्हणजे काय' यावर जे बोलणं निघतं ते निघू द्या. वीसच्या नाण्याला बारा बाजू आहेत, त्या मोजताना सुरुवात कुठून केली हे मूल हमखास विसरतं. एका बाजूला बोट धरून ठेवायला सांगा. आणि दोनची, पाचची जुनी नाणी हाताशी असतील तर "दोनचं नाणं मोठं आहे, मग पाच रुपये जास्त कसे?" हा प्रश्न येईलच. 2011 च्या मालिकेत दोनचं नाणं खरोखरच पाचच्या नाण्यापेक्षा आकारानं मोठं आहे. उत्तर घाईनं देऊ नका. पाचचं एक नाणं ठेवा, शेजारी रुपयाची पाच नाणी ठेवा, आणि दुकानात दोन्ही वेळा तीच गोळी विकत घेऊन दाखवा.

हे सगळं आता हातानं दाखवावं लागतं, कारण घरात पैसा दिसेनासा झाला आहे. आई फोन पुढे करते, 'टिंग' वाजतं, भाजी मिळते. मुलाच्या लेखी पैसे फोनमध्ये राहतात आणि संपत नाहीत. एका आईनं मला सांगितलं, "आता पैसे नाहीत" म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "मग चार्ज कर ना." हसू येतं, पण त्याचं काही चुकलं नाही. त्यानं जे पाहिलं त्यावरून तर्क केला. म्हणून आठवड्यातून एक खरेदी रोख करा. सोमवारी करोल बागेतली पक्की दुकानं बंद असतात, तेव्हा रस्त्याकडेला बाजार भरतो. तिथे मुलाच्या हातात वीस रुपये द्या आणि त्यात काय येईल ते त्यालाच ठरवू दे. फुगा की केळी? दोन्ही येत नसेल तर नाही येत. वरून आणखी दहा देऊन सोडवू नका. केळी घेऊन घरी आल्यावर फुग्यासाठी रडलं तर रडू दे, पुढच्या सोमवारी ते वेगळा विचार करतं.

आता गल्ला. दिल्लीत गुल्लक म्हणतात. पाहुणे जाताना हातावर ठेवतात, दिवाळीत मिळतात, ते पैसे मूल त्यात टाकतं. आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला दूध किंवा गॅसचे पैसे कमी पडले की तोच गल्ला उलटा करून सुरीनं नाणी काढली जातात. "त्याला काय कळतंय" असं म्हणतो आपण. मंडळी, त्याला कळतं. पेटी हलकी झालेली हाताला कळते.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांवर एक प्रयोग झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र काढायला बसलेल्या मुलांना मोठ्या माणसानं सांगितलं, थोडं थांबलात तर जास्त चांगलं सामान आणून देतो. निम्म्या मुलांना ते आणून दिलं. उरलेल्यांना 'अरे, नाहीये' असं सांगून रिकाम्या हातानं परत आला. त्यानंतर प्रत्येक मुलापुढे एक मिठाई ठेवली आणि सांगितलं, मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. ज्यांना आधी शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती तीन मिनिटं. पहिल्या गटातल्या चौदांपैकी नऊ जणांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, दुसऱ्या गटात फक्त एकानं.

ही मुलं काही उतावळ्या स्वभावाची नव्हती. दिलेलं परत येत नाही असं एकदा दिसल्यावर थांबण्यात शहाणपण नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्याकडे ठेवलेले पैसे मागाल तेव्हा मिळतात, या एका भरवशावर तुम्ही बँकेत येता. तुमच्या घरात मुलाच्या दृष्टीनं बँक तुम्हीच आहात.

गरज लागली तर गल्ल्यातून घ्यायचेच नाहीत, असं मी म्हणत नाही. ओढाताणीच्या महिन्यात तीनशे रुपयेही मोठे असतात, मला माहीत आहे. पण मुलाला विचारून घ्या. "बाळा, दुधासाठी तुझ्याकडचे शंभर रुपये उसने देतोस का? पप्पांचा पगार झाला की परत टाकू." कागदावर दहाच्या दहा नाण्यांची चित्रं काढून गल्ल्याला चिकटवा. परत करताना त्याच्यासमोर एकेक नाणं टाका आणि एकेक चित्र खोडा. मूल 'नाही' म्हणालं, तर ते 'नाही'ही ऐकायची तयारी ठेवा. नाही तर विचारण्याला अर्थ नाही. वर व्याजाचा एक रुपया टाकलात तर मला बँकेची म्हणून आनंदच होईल, पण त्याची गरज नाही.

गल्ला भरला की खातं. मूल कितीही लहान असलं तरी आई किंवा वडील पालक म्हणून त्याच्या नावानं बचत खातं उघडू शकतात. आईला पालक म्हणून चालतं, वडील कामानिमित्त बाहेरगावी असले म्हणून अडत नाही. दहा वर्षांचं झाल्यावर बँकेच्या मर्यादेत मूल स्वतः ते खातं चालवू शकतं. मुलाचा जन्मदाखला आणि तुमची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा घेऊन या. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार निघतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करावं लागतं, हे मात्र बरेच जण विसरतात.

मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करा. दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं. वर्षाला किमान 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास होईपर्यंत शिक्षणासाठीही त्यातून काढता येत नाही. म्हणजे हा गल्ला पंचवीस तारखेला उलटा करता येत नाही. म्हणूनच अडीअडचणीसाठी लागणारी रक्कम यात टाकू नका, ती साध्या बचत खात्यात ठेवा. गावाकडे आजोबांना नातीसाठी खातं उघडायची हौस असते, पण कायदेशीर पालक असल्याशिवाय त्यांना ते उघडता येत नाही. खातं आई-वडिलांनी उघडावं, पैसे आजोबांनी द्यावेत.

ज्यांनी टॅबचा हप्ता महिना हजार रुपये धरला होता, त्यांनी त्यातले पाचशे आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांत नुसती मुद्दलच तीस हजार होते, व्याज वेगळं. वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट हे सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा ते कामाला येतात. उरलेल्या पाचशेत गोष्टींची पुस्तकं आणि एक प्लास्टिकचा तराजू घ्या.

गल्ला घेऊन शाखेत येणार असाल तर महिनाअखेर आणि पहिली-दुसरी तारीख टाळा, गर्दी असते. नाणी घ्यायला बँक नकार देत नाही. घरीच एक, दोन, पाच, दहा अशी वेगळी करून शंभर-शंभरच्या पिशव्या भरून आणल्या तर काम लवकर होतं. पिशव्या भरायचं काम मुलाकडे द्या, दोन संध्याकाळी जातील. भरणा स्लिपवर त्याचं नाव तुम्ही लिहा, पासबुक छापून आलं की त्याच्या हातात द्या, आणि त्याचं नाव कुठल्या ओळीत आहे ते त्याला शोधू द्या.