वास्तूचा उंबरठा आणि वाचकाची वाट
(व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथालयाचे मोजमाप बहुधा ग्रंथसंख्येने, सभासदांच्या यादीने आणि देणगीदारांच्या नामावलीने होते. आणखी एक मोजमाप आहे. ते दाराशी, पहिल्या पायरीवर घ्यावे लागते. जो वाचक ती पायरी चढू शकला नाही आणि परत गेला, त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

सुरतेतील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. कापडाच्या धंद्याने त्यांना येथे आणले. वाचनाची गोडी त्यांनी शिदोरीसारखी बरोबर आणली. अशा कुटुंबांत पोलिओने अधू झालेला तरुण असतो, यंत्रावर पाय गमावलेला कामगार असतो, गुडघ्यांनी दगा दिलेली आजी असते, दृष्टी मंदावलेले निवृत्त गुरुजी असतात. त्यांच्या घरी पुस्तक पोहोचविणे ही सेवा खरीच. परंतु कपाटासमोर जाऊन, चार पुस्तके चाळून, आपल्या हाताने एक निवडणे हा आनंद त्या सेवेने भरून निघत नाही.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो: वास्तू ऐतिहासिक आहे, तिला हात कसा लावावा? वारसा म्हटला की घडीव दगड आणि सागवानी खांब डोळ्यांपुढे येतात. परंतु गेल्या शतकातील काँक्रीटच्या आधुनिक इमारतीही आता वारसा ठरल्या आहेत. ल कार्बुझिए या वास्तुकाराच्या सात देशांतील सतरा वास्तूंना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत चंडीगढचा शासकीय वास्तुसमूह आहे. म्हणून या वास्तूंच्याच साक्षीने या आक्षेपाची परीक्षा करणे उचित ठरेल, आणि त्यासाठी सुरतेहून अहमदाबादेपर्यंतचा प्रवास पुरेसा आहे.

१९५१ साली कार्बुझिए अहमदाबादेस आला. त्याने तेथे उभारलेल्या चार वास्तूंपैकी गिरणीमालक संघाची इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या अंगणातून एक लांब रॅम्प सरळ पहिल्या मजल्यावर जातो. पालडीच्या संस्कार केंद्रातही खांबांवर उचललेल्या दालनांकडे मधल्या चौकातून रॅम्पनेच जावे लागते. चालता चालता वास्तू पावलागणिक उलगडत जावी, ही त्यामागची कल्पना. म्हणजे ज्या रॅम्पला आज कित्येक विश्वस्त वास्तूवरील ठिगळ समजतात, तो आधुनिक वास्तुकलेच्या या आचार्याने मोठ्या मानाने प्रवेशद्वारी मांडला होता.

मात्र तो रॅम्प चालणाऱ्या पावलांसाठी होता. अपंगांच्या सोयीचे राष्ट्रीय मानक अमेरिकेतसुद्धा प्रथम १९६१ साली निघाले. त्याआधीच्या आराखड्यांत चाकांच्या खुर्चीचा हिशेब शोधणे व्यर्थ आहे. तो हिशेब तसा सोपा आहे. एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन फुटांच्या जोत्यासाठी छत्तीस फूट, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा, दोन्ही बाजूंना हाताशी येणारे कठडे, न घसरणारी जमीन आणि वर दारापुढे खुर्ची वळविण्याइतका मोकळा चौथरा. दहा फूट उंचीच्या मजल्यासाठी हाच उतार एकशे वीस फुटांवर जातो. तेथे लिफ्टला पर्याय नाही. घाईने ओतलेला तीव्र उतार दिसावयास रॅम्प असतो, पण उतरताना तो जिवावर बेततो.

लिफ्ट कोठे बसवावी, याचे सूत्रही या वास्तूंतच सापडते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा वास्तुकार लुई कान हा वास्तूतील जागांचे दोन वर्ग करीत असे: मुख्य कार्याची सेव्य दालने, आणि त्यांना आधार देणारे जिने, नळ, हवेचे मार्ग अशा सेवक जागा. लिफ्ट ही स्वभावतःच सेवक जागेची सोबतीण. तिला जिन्याच्या किंवा स्वच्छतागृहाच्या बाजूस स्थान दिले, तर दर्शनी भिंतीला धक्का न लावता ती वास्तूचीच होऊन जाते. वास्तूचे व्याकरण शिकून नवे वाक्य लिहावे, इतकेच येथे अपेक्षित आहे.

हे कल्पनेतच राहते असे नाही. सिडनीचे ऑपेरा हाऊस १९७३ साली खुले झाले. त्याच्या भव्य पायऱ्या जगप्रसिद्ध झाल्या. परंतु त्याच पायऱ्यांनी अनेकांची वाट अडविली. वास्तुकार योर्न उट्झोन १९६६ मध्ये काम सोडून गेला होता; पुढे १९९९ पासून त्यानेच सल्लागार म्हणून भावी बदलांची तत्त्वे आखून दिली. २००७ साली वास्तू जागतिक वारसा ठरली. त्यानंतरही सुधारणा थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये मुख्य संगीतगृह पुन्हा उघडले, तेव्हा नव्या लिफ्टमुळे आणि मार्गिकेमुळे उत्तरेकडील दालनात चाकांच्या खुर्चीवरील रसिकाला कोणाच्या मदतीवाचून जाता येऊ लागले. एकोणपन्नास वर्षे लागली; वास्तूचे सौंदर्य तिळमात्र उणावले नाही.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने या विषयाला प्रथम बळ दिले, २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने ते वाढविले. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला: सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही निकष बंधनकारक असलेच पाहिजेत. याचिका २००५ ची होती. पायरी उतरवावयास न्यायालयालाही किती काळ लागतो, हे यावरून कळते.

ग्रंथालयाने मात्र कायद्याची वाट पाहू नये. रॅम्प मुख्य दाराशीच असावा. मागील अंगणातून, सामानाच्या वाटेने आत घेतलेला वाचक आत येतो, पण त्याचे स्वागत होत नाही. दार किमान तीन फूट रुंद असावे. दोन कपाटांमधून खुर्ची जावी व वळावी, देवघेवीच्या मेजाचा एक भाग बसल्या माणसाच्या उंचीचा असावा, वाचनमेजाखाली गुडघ्यांना जागा मिळावी, स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडावे. मंद दृष्टीच्या वाचकासाठी ठळक अक्षरांतील पाट्या, पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी आणि श्राव्य पुस्तकांचा एक कोपरा असावा. यांतील निम्म्याहून अधिक गोष्टींना एक वीटही हलवावी लागत नाही. आणि आराखडा पक्का करण्यापूर्वी चाकांच्या खुर्चीवरील, कुबडीवरील आणि पांढऱ्या काठीच्या एकेका वाचकाला त्या वाटेने नेऊन पाहावे; त्यांच्याइतका जाणता परीक्षक दुसरा नाही.

सभासदहो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ग्रंथालये काढली, त्यांच्यापुढेही एक उंबरठा होता. पुस्तके मोजक्या घरांत बंद होती. वर्गणीच्या आण्यांतून त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. त्यांनी उघडलेले दार पुढच्या शंभर वर्षांसाठी रुंद करणे हे शताब्दीचे खरे स्मारक होय. संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे कोरली जातील, ती कोरलीच पाहिजेत. परंतु तो फलक खुर्चीत बसूनही वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा.