उपचार संपले, तरी नोंद संपू नये
(दिवेआगर येथील आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे आज औषधांविषयी कमी आणि कागदांविषयी अधिक बोलणार आहोत.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांची छपरे उडवून नेली. त्यानंतर काही काळाने एक भगिनी छातीतील गाठ दाखविण्यासाठी आमच्याकडे आल्या. "लहानपणी मुंबईला शेक घेतला होता," एवढेच त्यांना सांगता आले. शेक म्हणजे किरणोपचार. तो कोठे व किती दिला, याचे कागद त्या पावसात लगदा झाले होते. जुनी नोंद मिळविण्यात मोलाचे दिवस गेले. तपासणीअंती तो स्तनाचा कर्करोग निघाला.

हा जुना रोग उलटलेला नव्हता. हा नवा, वेगळा रोग होता. किरण रोगट पेशींचा नाश करताना शेजारच्या निरोगी पेशींनाही इजा करू शकतात. त्यातून उद्भवणाऱ्या गाठी बहुधा दहा किंवा अधिक वर्षांनी दिसतात. काही औषधांनंतर होणारा रक्ताचा कर्करोग मात्र बहुधा पहिल्या दहा वर्षांतच दिसतो. कोवळ्या वयात छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींची स्तनतपासणी वयाच्या 25 व्या वर्षापासून किंवा उपचारानंतर 8 वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, नियमित करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तर उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांच्या पाठपुराव्यासाठी 1991 सालीच स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू केली.

यावरून उपचारच नकोत, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. दुसरा कर्करोग थोड्यांनाच होतो. पहिल्यावर उपचार न केल्यास मात्र प्राणावर बेतते.

तोंडाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांत दुसरी गाठ उद्भवते, तिच्यामागे बहुधा उपचार नसून न सुटलेली सवय असते. तंबाखू आणि मिश्री तर आहेच. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली. ज्या गावाचा संसार पोफळीवर उभा आहे, तेथे हे बोलताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि न बोलणे हा अपराध ठरेल.

म्हणून विनंती एकच. आजाराचे नाव, उपचारांचे वर्ष, औषधांची नावे व मात्रा, किरण शरीराच्या कोणत्या भागास व किती दिले, आणि त्या रुग्णालयातील नोंदणी क्रमांक, एवढे एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. त्याची एक प्रत घरी, एक परगावी राहणाऱ्या मुलाकडे वा लेकीकडे आणि एक आमच्या कचेरीत ठेवावी. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर, साध्या खोकल्यासाठी का असेना, तो कागद प्रथम पुढे करावा.

हिशेबाची नवी वही मागील शिल्लक उतरवूनच सुरू होते. बरे झालेल्या माणसाचे नवे आयुष्यही तसेच सुरू व्हावे, इतकेच आमचे मागणे आहे.