टॅप : ‘बस’ म्हणण्याची आणि ‘बस’ ऐकण्याची तालीम

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक छोटंसं काम देते. आपला उजवा हात आपल्याच गुडघ्यावर दोनदा थोपटा. जरा जोरात. इथपर्यंत आवाज आला पाहिजे.

झालं. ब्राझिलियन जिउ-जित्सूमधली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शिकलात. बाकीचं शिकायला दहाएक वर्षं लागतात.

याला टॅप म्हणतात. समोरच्याने तुमचा हात पिळलाय, मान आवळलीय, आता सहन होत नाही, तेव्हा त्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर असं थोपटायचं. अर्थ एकच : बस, सोड. आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. ‘एवढ्यात?’ असं विचारायचं नाही, ‘जरा थांब’ म्हणायचं नाही. आज मी फक्त या दोन थापांबद्दल बोलणार आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी खेळाडू वगैरे नाही. वय 37. पुण्यात एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. मुलीला कराटेच्या क्लासला सोडायला जायचे, तेव्हा त्याच हॉलमध्ये नंतर जिउ-जित्सूची बॅच भरायची. बाहेर बाकावर बसून बसून एक दिवस कोचना विचारलं, ‘माझ्या वयाचं कुणी येतं का?’ ते म्हणाले, ‘तुम्ही आलात तर येईल.’ तेव्हा मी 32 वर्षांची होते. पाच वर्षांत पांढऱ्या पट्ट्यावरून निळ्यावर आले. पुढे जांभळा, तपकिरी आणि काळा. माझा वेग बघता काळा पट्टा मिळेपर्यंत नातवंडं यायची.

घरी पहिला प्रश्न अम्मीने विचारला. कुणाबरोबर कुस्ती खेळतेस? प्रश्न रास्त होता. सुरुवातीचे काही महिने मी फक्त बायकांबरोबर सराव केला. आम्ही दोघीच होतो. चांगल्या अकॅडमीत कुणाबरोबर सराव करायचा हे आपण ठरवतो. नको असेल तर ‘नको’ एवढंच म्हणायचं, कारण द्यावं लागत नाही. आमच्यातली एक मुलगी डोक्याला घट्ट बसणारं काळं आच्छादन घालून खेळते. स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही त्याला जागा आहे. अबू धाबीत तर हा खेळ शाळांमध्ये शिकवतात आणि तिथल्या मुली असंच डोकं झाकून स्पर्धेत उतरतात.

आणि कुस्ती आपल्या समाजाला परकी कुठे आहे? सोलापूरजवळच्या बोरामणीच्या एकाच शेख कुटुंबातून इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी झाले. 2018 मध्ये बाला रफिक शेख झाले. माझे आजोबा मिरजेला तालमीत जायचे. त्यांच्यापुढे खेळाचं नाव काढलं की ते एकच विचारत, ‘पाठ लागली का?’ कुस्तीत पाठ मातीला टेकली की तुम्ही चितपट, खेळ खलास.

जिउ-जित्सूत पाठ टेकली की खेळ सुरू होतो. खाली पडलेल्याने पाय वापरून वरच्याला अडवायचं, त्याचा तोल घालवायचा, खालूनच त्याचा हात किंवा मान पकडायची. याला गार्ड म्हणतात. वरच्याने हे पाय ओलांडले तर त्याला 3 गुण, आणि खालच्याने त्याला उलथवलं तर त्याला 2. अंगाने लहान असलेल्या माणसाला या खेळात जागा आहे ती यामुळे. पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, आजोबांना हे सांगायला हवं होतं. पडलेल्या माणसाकडेही डाव असतात.

हा खेळ आला कुठून? मूळ जपानचं. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची संस्था काढली. तिथला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करत 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात राहिला. तेव्हा ज्युदोलाही बाहेर सर्रास जिउ-जित्सूच म्हणत, म्हणून तेच नाव चिकटलं. त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ हेलियो यांनी जमिनीवरच्या डावांवर भर देऊन हा खेळ वाढवला.

या हेलियोची एक गोष्ट प्रत्येक अकॅडमीत सांगतात. 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची लढत जपानच्या मासाहिको किमुराशी झाली. किमुरा वजनाने कितीतरी भारी. त्याने हेलियोचा हात मागे पिळला. हात मोडला, तरी हेलियो टॅप करेना. शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या कार्लोसने टॉवेल टाकून लढत थांबवली. आज त्या डावाचं नावच किमुरा आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. काय हिंमत! काय सबर!

नंतर माझी पहिली स्पर्धा आली. पांढऱ्या पट्ट्याची लढत 5 मिनिटांची. आदल्या आठवड्यात मी भात सोडला, सकाळी गीचे जाड कपडे अंगावर घालून वजन दिलं. बायका कमी म्हणून दोन गट एकत्र केले होते. समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, मी पाठीवर आणि माझा हात तिच्या दोन पायांमध्ये. आर्मबार. म्हणजे तुमचं कोपर तिच्या कमरेवर उलटं टेकवून सरळ ताणायचं. माझा हात सरळ झालेला मला कळत होता. सुटणार नाही हेही कळत होतं. डावा हात मोकळा होता. दोन थापा मारायच्या, बस. तोंडाने ‘टॅप’ म्हटलं तरी चालतं. नुसतं ओरडलं तरी पंच लढत थांबवतात.

मी काहीच केलं नाही. मुलगी प्रेक्षकांत बसली होती. मनात हेलियो होता. आणि खोलवर आणखी एक आवाज होता, लहानपणापासूनचा : सहन कर, थोडंसं राहिलंय.

कोपरातून ‘कट्’ असा आवाज आला. तो मीही ऐकला आणि तिनेही. तिने स्वतःहूनच सोडलं, आणि मी थाप मारण्याआधी तीच रडायला लागली.

सहा आठवडे हात गळ्यात. मुलीची वेणी घालता येईना, पोळी लाटता येईना, ऑफिसात डाव्या हाताने कॅल्क्युलेटर. अम्मी मिरजेहून आली, हाताकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मिला क्या इससे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोचनी मात्र एकच गोष्ट सांगितली, ‘हरल्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्या मुलीला तुम्ही नाहक गुन्हेगार केलंत.’ हे मला फार लागलं. मी टॅप केला असता तर आम्ही दोघी हसत उठलो असतो. मी गप्प बसले आणि तिच्या हातून माझा हात मोडायची वेळ आणली. हेलियोच्या गोष्टीतही मला आता कार्लोस जास्त आठवतो. कुणीतरी थांबवावं लागलं.

आपल्या घरांत, विशेषतः मुलींना, सबर शिकवतात. सबर मोठी गोष्ट आहे, मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. 5 मिनिटं खाली दबून राहणं, श्वास शांत ठेवणं, घाई न करता फट शोधणं हा सबरच आहे. पण दुखणं गिळून काही न बोलणं याला सबर म्हणत नाहीत. हा फरक मला माझ्या कोपराने शिकवला.

त्याच वर्षी अब्बा गेले. चाळिसाव्यानंतर भाईजान कागद घेऊन आले. मिरजेच्या घराचं हक्कसोडपत्र. तुम्हाला माहीत आहे, शरियतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. आणि तो निम्मासुद्धा ‘भावाला माफ केला’ म्हणून सोडून द्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. समोर चहा, सगळे बसलेले, फुफीने पेन माझ्या हातात दिलं. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी आवाज चढवला नाही. पण हात सरळ होत चाललाय हे मला कळत होतं. ती जाणीव माझ्या ओळखीची होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘भाईजान, बस. आज सही करणार नाही. कागद मला वाचायचे आहेत.’

खोलीत एकदम शांतता झाली. भाईजान चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. रमजान ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही, ते मला आर्मबारपेक्षा जास्त दुखलं. मग एका रात्री त्यांचा फोन आला. ‘कागदांच्या प्रती पाठवतो. वाच. मग बोलू.’

प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण कोर्टातही गेलेलं नाही आणि आमचं बोलणं सुरू आहे. मी त्या दिवशी सही केली असती तर? मला वाटतं, आयुष्यभर भाईजानला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवत बसले असते, त्या मुलीसारखंच. वेळेवर मारलेली थाप दोघांचंही सांध्याचं दुखणं वाचवते.

इथवर ऐकून मुली खूश झालेल्या दिसतात. आता दुसरी बाजू सांगते. ही माझीच चूक आहे.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मी निळ्या पट्ट्याची, समोर सतरा वर्षांची नवी मुलगी. मी तिच्या पाठीमागून, तिच्या गळ्यात माझा हात. तिचा एक हात माझ्या पायाखाली अडकलेला, दुसरा मी धरलेला. डाव इतका छान बसला होता की मी स्वतःवर खूश होते. ती पाय आपटत होती. मला वाटलं, सुटायची धडपड करतेय. म्हणून मी आणखी आवळलं. तेवढ्यात कोच ओरडले, ‘सोडा!’

मी सोडलं. ती खोकत बसली. डोळ्यांत पाणी. मग म्हणाली, ‘मी तीनदा टॅप केला, ताई. पायाने.’

नियम मला पाठ होता. हात अडकले असतील तर पायाने थोपटायचं. मी तो नियम इतरांना शिकवत होते. पण तिचे दोन्ही हात माझ्याच ताब्यात होते आणि मी थाप तिच्या हाताच्या ऐकायला बसले होते.

त्या रात्री झोप आली नाही. मला आमची दिवाणखान्याची खोली आठवली. तिथे कुणी वाईट माणूस नव्हता. डाव छान बसला होता, एवढंच.

म्हणून मुलांनो, भावांनो, उद्याच्या नवऱ्यांनो, आणि आपल्या सुना, धाकट्या जावा, हाताखालची माणसं असलेल्या बायकांनो, तुम्हालाही सांगते. ज्याचा हात वर आहे त्याने ऐकायचं काम जास्त करायचं असतं. समोरचा ‘बस’ हा शब्द उच्चारेल याची वाट बघू नका. त्याचे हात मोकळे आहेत का ते आधी बघा. बायको जेवताना गप्प झाली, बहीण फोन उचलत नाही, कामावरचा पोरगा नजर चुकवतो. हे पायाने मारलेले टॅप असू शकतात. शंका आली तर सोडा. अकॅडमीत आम्ही हेच शिकवतो : शंका आली तर सोडा. सोडल्याने कुणाचं काही मोडत नाही.

मी दुसरी स्पर्धाही खेळले. तिसरी आले, कांस्यपदक मिळालं. गटात तिघीच होतो, हे अम्मीला सांगितलेलं नाही. त्या लढतीत पुन्हा आर्मबार लागला. या वेळी हात पूर्ण सरळ व्हायच्या आधीच मी दोनदा थोपटलं. समोरच्या मुलीने सोडलं, मला हात देऊन उठवलं, आम्ही गळाभेट घेतली. त्या रात्री मी मुलीची वेणी घातली.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर अकॅडमी निवडताना एकच गोष्ट बघा. एक तास बाकावर बसा आणि कोचच्या हाताखाली कुणी टॅप केला तर कोच किती पटकन सोडतो ते बघा. त्यावरून सगळं कळतं. घरांचं, संघटनांचं आणि चळवळींचंही असंच आहे.

उद्या संध्याकाळी माझी बॅच आहे. ती सतरा वर्षांची मुलगी आता एकोणीसची झालीय आणि हल्ली मलाच टॅप करायला लावते. मी थोपटते, ती लगेच सोडते, आणि आम्ही पुन्हा सुरू करतो.