डॅन्यूबकाठचे द्राक्षगाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला 'प्रवासातला एखादा अनुभव सांगा' अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. मी काही जातिवंत प्रवासी नव्हे. केंद्र सरकारच्या लेखा विभागात तीस वर्षे काढलेला मनुष्य. बदलीच्या हुकमाने जी गावे दाखवली ती पाहिली आणि रजा-प्रवास सवलतीच्या चार-दोन तुकड्यांत कन्याकुमारी व दार्जिलिंग उरकले. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरात एक योग आला. म्यूनिकला नोकरी करणारी आमची कन्या व जावई यांनी आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त आम्हां उभयतांना डॅन्यूब नदीतील जलप्रवासाची भेट दिली. परदेशगमनाची रीतसर परवानगी पदरात पडेपर्यंत तीन महिने गेले, आणि अखेर जर्मनीतील पासाउ ह्या गावी आम्ही बोटीत पाऊल ठेवले.

त्या प्रवासात व्हिएन्ना पाहिले, बुडापेस्टही पाहिले. त्या महानगरांविषयी बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे ह्या सभागृहात आहेत. मी बोलणार आहे ते एका लहानशा गावाविषयी. तेथे आमची बोट जेमतेम चार तास थांबली होती. गावाचे नाव ड्यूर्नश्टाइन. लोकसंख्या हजाराच्या आतली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला आपण वाडीच म्हणू.

ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्स ह्या दोन गावांच्या दरम्यान डॅन्यूब डोंगरांतून वाट काढते. ह्या सुमारे पस्तीस किलोमीटरांच्या खोऱ्याला वाखाउ म्हणतात. नदीच्या काठाने किलोमीटरचे फलक लावलेले दिसतात. मी हिशेबाचा माणूस, म्हणून माझे लक्ष प्रथम तिकडेच गेले. आकडे बोटीबरोबर वाढण्याऐवजी कमी होत होते. चौकशी करता कळले की डॅन्यूबचे अंतर उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. ड्यूर्नश्टाइनपाशी आकडा दोन हजारांच्या किंचित वर होता. म्हणजे तेथून काळ्या समुद्रापर्यंत नदीला अजून दोन हजार किलोमीटर जायचे होते. दहा देशांना स्पर्श करून जाणारी ही नदी. माझी गोदावरी तिच्या निम्मीच, पण ज्याने बाळपणी रामकुंडात डुबक्या मारल्या आहेत, त्याच्या मनात प्रत्येक नदी गोदावरीशेजारीच येऊन उभी राहते. त्याला माझा इलाज नाही.

सकाळी नऊच्या सुमारास धुके विरले आणि काठावर निळ्या-पांढऱ्या रंगाचा एक मनोरा दिसू लागला. तो तेथील जुन्या मठाच्या चर्चचा मनोरा, अठराव्या शतकातला. त्याच्या मागे लाल कौलांची घरे, घरांमागे डोंगर, डोंगराच्या माथ्यावर पडका किल्ला, आणि काठापासून किल्ल्याच्या खडकापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या द्राक्षबागा. पाने पिवळी पडू लागली होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, ''अहो, निफाडला डोंगर असता तर असाच दिसला असता.''

गाव दाखविण्यासाठी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी प्रथम किल्ल्याची कथा सांगितली. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला 'सिंहहृदयी' म्हणतात, तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतत असता ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नानजीक पकडला गेला. पकडणारा ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्ड. ११९१ साली एकर शहर जिंकल्यावर त्याचे निशाण तटावरून खाली फेकण्यात आले होते, तो अपमान त्याच्या मनात सलत होता. ह्याच किल्ल्यात राजाला कोंडले, आणि पुढील वसंतात सम्राट सहाव्या हेन्रीच्या स्वाधीन केले. खंडणी ठरली दीड लाख मार्क चांदी. त्यांतील एक लाख मार्क, म्हणजे सुमारे तेवीस टन चांदी, प्रत्यक्ष वसूल झाली असे मानतात. त्यासाठी इंग्लंडात उत्पन्नाचा व चीजवस्तूंचा चौथा हिस्सा कर म्हणून घेतला आणि चर्चमधील सोन्यारुप्याची भांडीही काढून नेली. ११९४ च्या फेब्रुवारीत राजा सुटला. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने पाहता एका माणसाच्या प्रवासखर्चाचे एवढे मोठे देयक इतिहासात क्वचितच मंजूर झाले असेल!

राजाचा विश्वासू भाट ब्लोंडेल किल्ल्याकिल्ल्याखाली गाणे म्हणत फिरला आणि ड्यूर्नश्टाइनच्या तटाआडून राजाने पुढचे कडवे म्हटले, अशी एक गोड आख्यायिका आहे. इतिहासकार ती मानीत नाहीत, गावकरी मात्र मानतात. मला आग्र्याचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. १६६६ साली आमचाही राजा परमुलखात कैदेत होता. त्याने आपल्या सुटकेसाठी रयतेवर चौथाईचा बोजा टाकला नाही, स्वतःच्या बुद्धीने तो बाहेर पडला. त्या बाईंना मी पेटाऱ्यांची कथा मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, ''तुमचा राजा स्वस्तात सुटला.'' किल्ला १६४५ साली स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला, तो तसाच उभा आहे.

राजाची कथा पुस्तकातही वाचता आली असती. मला खरी गुंतवून ठेवणारी गोष्ट होती ती उतारावरच्या भिंतींची. वाखाउतील चढ इतका तीव्र आहे की भिंती घालून पायऱ्या केल्याखेरीज तेथे मातीच टिकणार नाही. ह्या भिंती चुन्या-सिमेंटाविना, केवळ दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. कोकणातील मंडळी त्यांना सरळ 'गडगा' म्हणतील. सिमेंट का घालीत नाहीत, असे मी विचारले. उत्तर मिळाले, पावसाचे पाणी फटींतून निघून गेले पाहिजे. ते भिंतीमागे तुंबले तर एके दिवशी अख्खी भिंत फोडून खाली येईल. शिवाय दिवसा तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात, आणि फटींमधून सरडे राहतात. तेथील हिरवा सरडा मोठा देखणा आहे.

त्या सरड्याला तर चक्क बाटलीवर मान मिळाला आहे. १९८३ साली वाखाउतील उत्पादकांनी एक संघ स्थापला आणि पुढे आपल्या वाइनच्या तीन श्रेणी ठरविल्या. हलकी ती श्टाइनफेडर, हे बागेत उगवणाऱ्या पिसासारख्या गवताचे नाव. मधली फेडरश्पील, हा ससाण्याच्या शिकारीतला शब्द. आणि पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची ती स्मारग्ड, हा तो पाचूच्या रंगाचा सरडा. खालच्या मऊ मातीत ग्रूनर फेल्टलीनर जातीचे आणि वरच्या खडकाळ पायऱ्यांवर रीसलिंग जातीचे वेल लावतात. गावात दोन-अडीचशे कुटुंबांची एक सहकारी संस्थाही आहे. सहकाराच्या मुलखातून आलेल्या माणसाला तिची पाटी वाचून परके वाटेनासे झाले.

ह्या उद्योगावर एकदा मोठे संकट आले होते. १९८५ साली ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाइनला गोडी व भरदारपणा आणण्यासाठी तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे घातक रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. साऱ्या देशाची निर्यात कोसळली. ज्यांनी काही केले नव्हते तेही त्यात भरडले गेले. त्याच वर्षी अत्यंत कडक कायदा झाला. आजही तेथील दर्जेदार वाइनच्या बुचावर तांबडी-पांढरी-तांबडी सरकारी पट्टी असते आणि बाटलीवर तपासणीचा क्रमांक. सरकारी क्रमांकाने लोकांचा विश्वास परत आलेला पाहून एका सरकारी नोकराला समाधान वाटले, हे मी कशाला लपवू?

आता आपण विचाराल, वाइनची चव कशी होती? बंधुभगिनींनो, आमच्या घरी पंढरीची वारी आहे. आईला दिलेल्या शब्दामुळे मी पेल्याला हात लावला नाही, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यात तुळशीची माळ. यजमानांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्यांनी आमच्यापुढे ताज्या द्राक्षांचा रस आणि जर्दाळूच्या मुरंब्याची पोळी ठेवली. वाखाउचा जर्दाळू हा तेथील दुसरा मानाचा माल. वसंतात त्याच्या फुलोऱ्यासाठी लोक दुरून येतात. चवीचा अहवाल मी एवढाच देऊ शकतो.

भोजनाला अवकाश होता म्हणून मी एकटाच बागांच्या वाटेने चढू लागलो. काढणी चालू होती. सत्तरीच्या घरातला एक शेतकरी हातातल्या कात्रीने घड उतरवीत होता. त्याची कात्री आणि माझ्या भावाची कात्री एकाच घाटाची. मी हात जोडले, त्याने टोपी उचलली. त्याला थोडे इंग्रजी येत होते. मी सांगितले, माझा भाऊ भारतात द्राक्षे पिकवतो. हे ऐकताच त्याने कात्री खिशात घातली आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारले. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, कारण आमच्या वेलीला बर्फाची झोप मिळत नाही, हे ऐकून तो थक्क झाला. आम्हीही खुंटावर कलम बांधतो आणि ठिबकने पाणी देतो, हे ऐकून खूश झाला. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या किडीने युरोपातील वेली मुळांपासून खाल्ल्या, तेव्हापासून तेथील वेली अमेरिकी खुंटांवरच उभ्या आहेत. आमच्याकडे खुंट वापरतात ते मुख्यत्वे क्षारांच्या आणि पाण्याच्या अडचणीवर मात करण्यासाठी. आमची बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी जातात, वाइनच्या कारखान्यांची वाढ नाशकात गेल्या पाव शतकातलीच, हेही मी सांगितले.

मग मी त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बोट केले आणि विचारले, ही किती वर्षांची? तो म्हणाला, ''खालचा थर आजोबांच्याही आधीचा. मधला माझ्या वडिलांनी लावला. तो कोपरा दोन वर्षांपूर्वी पावसात पडला, तो मी बसवला.'' मी कारकुनी सवयीने विचारले, जमीन कोणाच्या नावावर आहे? तो हसला. ''कागदावर आम्हां तीन भावंडांची. दोघे व्हिएन्नात असतात. पण भिंत पडली की ती मलाच दिसते.''

हे वाक्य त्याने तक्रारीच्या सुरात उच्चारले नाही. तरी ते माझ्या वर्मी लागले. का, ते आज प्रथमच चारचौघांत सांगतो.

निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर बाग आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हां दोघां भावांची नावे लागली. मी नोकरीनिमित्त तीस वर्षे बाहेर. बाग धाकट्याने राखली. गारपीट त्याने सोसली, अवकाळी पावसात रात्र-रात्र फवारण्याही त्यानेच केल्या. वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या. नवी लागवड आणि वर प्लॅस्टिकचे आच्छादन करण्यासाठी त्याला बँकेचे कर्ज हवे होते, आणि त्यासाठी माझे हक्कसोडपत्र. त्याने दोन वर्षांत तीनदा विचारले. मी दर वेळी 'पाहू' म्हटले. जमिनीचे भाव चढत होते, आणि निवृत्ती जवळ येत होती. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या प्रलंबित प्रकरणांवर जन्मभर ताशेरे मारले, त्याने सख्ख्या भावाचे प्रकरण प्रलंबित ठेवले होते.

उतरताना एका घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा दिसल्या. वेगवेगळ्या वर्षांच्या रेघा, एकीवर एक. २००२ आणि २०१३ साली डॅन्यूबने ह्या खोऱ्यात हाहाकार केला होता. नाशकात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, ह्यावरून आम्ही पूर मोजतो. २००८ आणि २०१९ चे पूर आम्हांला असेच आठवतात. त्या शिक्षिकाबाईंनी सांगितले की १९७० च्या दशकात वाखाउत नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याची योजना होती. रहिवाशांनी चिकाटीने विरोध केला आणि ती योजना सोडून द्यावी लागली. नदी पूर आणते, हे ठाऊक असूनही त्यांनी वाहती नदीच पत्करली. २००० साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. पण यादीत नाव आल्याने दगड जागेवर बसत नाही, तो कोणीतरी हिवाळ्यात जाऊन बसवावा लागतो.

त्या संध्याकाळी बोटीवरून भावाला दूरध्वनी केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तो म्हणाला, ''दादा, गोडी छाटणी निम्मी झाली. पेस्ट लावायला माणसं मिळत नाहीत. तू कुठे आहेस?'' मी म्हटले, द्राक्षाच्याच गावात आहे. डिसेंबरात रजा काढून येतो, कागद तयार ठेव. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

डिसेंबरात मी निफाडला गेलो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही केली. परतताना भाऊ मला बागेच्या कडेच्या विहिरीपाशी घेऊन गेला. आभार मानणे आमच्या घरच्या रीतीत नाही. तो एवढेच म्हणाला, ''दादा, हक्क सोडलास ते ठीक. येणं सोडू नकोस.''

मित्रहो, मंडळाला पन्नास वर्षे झाली. ह्या गंगाकाठच्या नगरात ज्यांनी हे सभागृह उभारले, त्यांतील कित्येक आज आपल्यांत नाहीत. त्यांची मुले पुण्यात, बंगलोरला, परदेशी आहेत, आणि आजीव सभासदांच्या नोंदवहीत त्यांची नावे आहेत. माझ्या स्वतःच्या मुलीचेही आहे. नोंदवहीत नाव असणे ही चांगलीच गोष्ट. पण गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री सतरंज्या घालायला येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि छत गळू लागले की ते त्यांनाच दिसते. त्यांना मी आज मनःपूर्वक नमस्कार करतो. बाकीच्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, माझ्या धाकट्या भावाचे शब्द सांगतो: येणे सोडू नका.