‘कुंकू’ आणि त्याचे टीकाकार

ज्या वर्षी आमच्या वर्ध्यास नई तालीमची शिक्षण परिषद भरली, त्याच १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ हा बोलपट पडद्यावर आणिला. त्याचा आधार नारायण हरि आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही १९२३ सालची कादंबरी. पटकथाही आपट्यांनीच लिहिली. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ झाला.

कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पोरक्या नीरेस तिचा मामा पैशाच्या लोभाने काकासाहेब या वयस्क बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतो. नीरा हा विवाह मानीतच नाही. ती रडत बसत नाही, विहीर जवळ करीत नाही. ‘अन्याय आहे’ असे स्पष्ट सांगते आणि त्याच घरात राहून झगडते. अंगचटीस येणाऱ्या सावत्र मुलास ती छडीने झोडपते, तो प्रसंग आजही प्रेक्षकांस सावरून बसवितो. देवलांच्या ‘शारदे’नंतर हा विषय नवा नव्हता, नवी होती ती ही नायिका.

या बोलपटावरील काही आक्षेपांत मला फारसा अर्थ दिसत नाही. शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलो कवीची इंग्रजी कविता घातली, ती कित्येकांस उपरी वाटते. मलाही थोडी वाटते. पण तेवढ्यावरून चित्रपट मोडीत काढणे म्हणजे एका शुद्धलेखनाच्या चुकीपायी मुलास नापास करणे होय. उलट पार्श्वसंगीत मुळीच न वापरता केवळ घरातले व रस्त्यावरचे आवाज ऐकवावयाचे, हे धाडस टीकाकारांनी वाखाणले ते यथार्थच आहे.

खरा वाद शेवटाचा. काकासाहेबांस पश्चात्ताप होतो. नीरेस कन्या मानून, तिने योग्य वराशी पुनर्विवाह करावा असे पत्र लिहून ते आत्मघात करितात. टीकाकार म्हणतात, ही पळवाट झाली. म्हातारा सोयीस्कर वेळी मेला आणि लेखकाची अडचण दूर झाली. तरुणपणी मीही हेच मत हिरिरीने मांडीत असे. पुढे मला एक गोष्ट उमगली. उच्चवर्णीय घरांत त्या काळी घटस्फोट ही वस्तूच नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी तसा कायदा १९४७ साली झाला आणि आम्हां मध्यप्रांतीयांस तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. विधवेच्या विवाहास मात्र १८५६ पासून कायद्याची मान्यता होती. म्हणजे सधवा नीरेस दार बंद, विधवा नीरेस उघडे! पतीच्या मरणावाचून तिची सुटका नव्हती, हा दोष लेखकाच्या कल्पकतेचा की कायद्याचा?

परंतु मग दुसरा प्रश्न येतो आणि तो मला टीकाकारांनी नव्हे, माझ्या आजीने घातला.

आमच्या शाळेच्या दालनात चाळीसएक वर्षांपूर्वी पडदा लावून हा बोलपट दाखविला, तेव्हा मी नव्यानेच शिक्षक झालो होतो. आजी सत्तरीपुढे होती. तीही बिजवरास दिलेली. चौदाव्या वर्षी, सारडा कायद्याच्या आधी. केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहून सारे दालन हळहळले. आरशासमोर मिशांस कलप लावणारा तो वृद्ध प्रथम हास्यास्पद वाटतो आणि अखेरीस करुण होतो. दात्यांच्या अभिनयाचे ते यशच होय. घरी परतताना मी शेवटावर व्याख्यान झोडीत होतो. आजी म्हणाली, “सगळे म्हाताऱ्यासाठी रडले. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे कोणी विचारलं का रे?”

मी निरुत्तर झालो. नीरेने ते पत्र मानले असते तर काय झाले असते? त्याच १९३७ साली हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला होता. पण १८५६ च्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करताच तो हक्क जाई. मृत्युपत्रात पुनर्विवाहाची स्पष्ट मुभा असल्यास गोष्ट निराळी. काकासाहेब वकील होते, त्यांस हे ठाऊक असावयास हवे! पत्रातला आशीर्वाद मानावा तर घर जाते, घर राखावे तर कुंकू पुसून जन्म काढावा लागतो. बोलपटाच्या शेवटावर टीका करावयाची तर इथे करावी, असे मला वाटू लागले.

मी आजीस भीतभीतच विचारले, “आजोबा कसे होते गं?” ती कंदिलाची काच पुशीत होती.

“भले होते,” ती म्हणाली. “म्हणून तर मला कधी कोणी काही विचारलं नाही.”